रेघेला रेघ

सूनबाई हा किस्सा सांगायला घेते तेव्हा आधी स्वतःच पोट धरून हसते, त्यामुळे ऐकणाऱ्याला निम्मा कळतच नाही. म्हणून तो जरा नीट सांगायला हवा.

लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्यानं तिला घरातली सगळी माणसं दाखवली होती, आत्या तेवढी राहिली होती. आत्या कामावर असते, तिकडेच भेटू, असं म्हणत तो तिला गावाबाहेरच्या एका क्लबात घेऊन गेला. मागच्या बाजूच्या खोलीच्या दारात तिला सोडलं, आणि गाडी नीट लावून येतो म्हणून जो गेला तो गेलाच. मुलगा गुणी आहे, पण गाडी लावायला गेला की वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारून, चहा पिऊन, मगच परततो.

सूनबाई आत शिरली. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर हिरवं जाड कापड. भिंगाचा दिवा. बरणीभर कापसाचे बोळे. बारीक बारीक ब्रश. आणि एका मांडणीत ओळीनं उभ्या नेलपॉलिशच्या अकरा बाटल्या, लाल, पिवळी, पांढरी, जांभळी, अगदी पोपटीसुद्धा. टेबलामागे साठी ओलांडलेली एक ठेंगणी बाई, चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सूनबाईनं मनातल्या मनात गणित मांडलं. क्लब मोठा, येणाऱ्या बायका हौशी, तेव्हा आत्यांचं नखं रंगवायचं दुकान असणार. नवरा कधी बोलला नाही, लाजत असेल बिचारा. सासरच्या माणसांना आपलंसं करायचं तर त्यांच्या कामाचं कौतुक करावं, ही आईची शिकवण. मग काय, ती समोरच्या स्टुलावर ऐसपैस बसली, दहाही बोटं पसरून हिरव्या कापडावर ठेवली आणि गोड आवाजात म्हणाली, "फिकट गुलाबी चालेल."

आत्यानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. आधी बोटं पाहिली, मग चेहरा पाहिला, मग पुन्हा बोटं.

"हात चांगले आहेत," ती म्हणाली. "थरथरत नाहीत. हे धर."

आणि टेबलाखालून हातभर लांबीची काळी थंडगार नळी काढून तिच्या पसरलेल्या हातांवर ठेवली. ती बंदुकीची नळी आहे हे कळल्यावर सूनबाईचा जो चेहरा झाला, त्याची नक्कल आत्या आजही पाहुण्यांसमोर करून दाखवते. नवरा परत आला तेव्हा त्याची होणारी बायको जीव मुठीत धरून नळी सांभाळत होती आणि आत्या कापसाच्या बोळ्यानं ती पुसत होती. त्या दिवसापासून सूनबाईचं लग्नातलं नाव काय ठेवलं ते ठेवलं, आत्याच्या तोंडी तिचं नाव फिकट गुलाबी.

आता ही आत्या या धंद्यात आली कशी, तेही गमतीचंच. त्या क्लबाच्या बंदुका दुरुस्त करायचं काम आधी तिचे वडील करायचे. कारागिरी मुलाकडे जाईल असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. पण मुलगा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ आणि सूनबाईचे आताचे सासरे, बंदुकीच्या तेलाच्या वासानं शिंकायला लागायचा. एक-दोन नव्हे, लागोपाठ चौदा शिंका. शिंकणाऱ्या माणसाच्या हाती बंदूक द्यायची कोणी. मग नळ्या धरायला धाकट्या मुलीला बसवलं, आणि धरता धरता एकोणिसाव्या वर्षी तिनं पहिली बंदूक एकटीनं खोलून पुन्हा जोडली. थोरला भाऊ पुढे टपालखात्यात लागला, निवृत्त झाला, आणि आता घरी बसून बहिणीला शहाणपण शिकवतो. लग्न आत्यानं केलं नाही. विचारलं तर म्हणते, दोन-तीन स्थळं आली होती, पण कोणाचीच बैठक नीट नव्हती.

बैठक हा तिचा आवडता शब्द. तो एकदा समजला की ही सगळी गोष्ट समजते.

क्लबात दोन प्रकारची नेमबाजी चालते. एकात हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडायच्या, त्याला लांब नळी लागते. दुसऱ्यात पन्नास पावलांवरच्या कागदावर एकच जाड गोळी मारायची, त्याला आखूड नळी. ज्यांना दोन्हीची हौस त्यांची बंदूक एकच, नळ्या दोन. एक काढायची, दुसरी लावायची, पुढे एक टोपण असतं ते बरणीच्या झाकणासारखं फिरवून घट्ट करायचं, झालं. दिसायला सोपं. पण नेम धरायची छोटी दुर्बीण बसवलेली असते बंदुकीच्या अंगावर, आणि गोळी जाते नळीतून. नळी परत लावताना केसभर इकडची तिकडे बसली, तर दुर्बीण बघते एकीकडे आणि गोळी जाते दुसरीकडे. जवळ कळत नाही. पन्नास पावलांवर तो केस वीतभर होतो.

म्हणून आत्याची रीत ठरलेली. बंदूक रिकामी आहे ना, हे दोनदा बघायचं, एकदा डोळ्यानं आणि एकदा करंगळीनं. नळी जिथे बसते ती जागा कोरडी पुसायची, तिथे तेलाचा थेंब नको की कचऱ्याचा कण नको. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा लाकडी भाग, जमिनीवर टेकवून बंदूक उभी धरायची आणि नळी वरून अलगद सोडायची, म्हणजे ती आपल्याच वजनानं पक्की बसते. मग टोपण फिरवायचं. किती? तर इथे त्या नेलपॉलिशच्या बाटल्या कामाला येतात. बंदूक एकदा नेमाला बरोबर लावून झाली की आत्या टोपणावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढते. पुढच्या वेळी टोपण फिरवताना दोन्ही अर्ध्या रेघा समोरासमोर आल्या की थांबायचं. ना कमी, ना जास्त. प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हणजे टोपणांची अदलाबदल व्हायला नको. आणि शेवटी कागदावर तीन गोळ्या मारून खात्री करायची, रेघ बरोबर असली तरी. पुसा, बसवा, रेघेला रेघ, तीन गोळ्या. हे ती इतक्या वेळा म्हणते की क्लबातल्या लोकांना झोपेतही पाठ आहे.

स्वतःच्या नखांना मात्र तिनं जन्मात रंग लावला नाही. दुकानदारीण दर दोन महिन्यांनी बाटल्या बांधून देताना तिच्या बोटांकडे चोरून बघून घेते.

लग्नानंतर सूनबाईचा परिपाठ असा बसला, की सकाळी एका शाळेच्या ऑफिसात काम, आणि दुपारी आत्याचा डबा घेऊन क्लबात. डबा द्यायला म्हणून जायची आणि संध्याकाळी आत्याबरोबरच घरी यायची. तिला ती खोली आवडली होती. आणि तिला एक काळजीही लागली होती. क्लबाचे सेक्रेटरी, गळ्यात कायम शिट्टी घालणारे म्हणून ज्यांना सगळे मागून शिट्टीसाहेब म्हणत, ते हल्ली येता-जाता खोलीत डोकावायचे. आत्याच्या भिंगाकडे बघून विचारायचे, डोळे कसे आहेत, हात कसा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक नवा कारखाना निघालाय, तिथे सगळं यंत्रावर मोजतात, असंही दोनदा म्हणाले. आत्या म्हणायची, डोळे दोन आहेत आणि हातही दोनच आहेत, अजून मोजता येतात. पण सूनबाईला त्या बोलण्यातलं कळत होतं. शिट्टीसाहेबांना ही खोली मोकळी करून हवी होती, आणि निमित्त शोधत होते. आणि या खोलीशिवाय आत्या म्हणजे, आता काय सांगायचं, घरी बसून दिवसभर थोरल्या भावाशी भांडेल, दोघांपैकी एकजण नक्की वेडा होईल.

तर एका मंगळवारी दुपारी आत्या बाहेर मैदानावर कुणाच्या तरी तीन गोळ्या मारून बघत होती. टेबलावर दातांच्या डॉक्टरीणबाईंची बंदूक तयार होऊन पडली होती, दुसरी नळी पेटीत ठेवलेली. त्या डॉक्टरीणबाई म्हणजे क्लबाचा हिराच, दर वर्षी बक्षीस नेणाऱ्या. रविवारी मोठी स्पर्धा होती आणि पेटी न्यायला त्या कुठल्याही क्षणी येणार होत्या. सूनबाई टेबल आवरत होती. तिला काळ्या कुळकुळीत बंदुकीवर टोपणापाशी लाल रंगाचा एक डाग दिसला.

तुम्ही म्हणाल, हिला रेघांचं माहीत नव्हतं का. नव्हतं हो. लग्नाला दीड महिना झालेला, आणि रेघेला रेघ ही तिला आत्याच्या तोंडची एखादी म्हण वाटायची. रंग कशाला आहेत हे तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हा आत्या चेष्टेच्या सुरात होती. म्हणाली, बंदुकांनाही नटावंसं वाटतं. सूनबाईनं तेच खरं धरलं, की दस्त्यावर नंबर वगैरे रंगवत असतील. आणि हा डाग नंबर नव्हता, आडवीतिडवी ओघळल्यासारखी एक रेघ होती. आत्यांचा हात हलला, तिला वाटलं. रंग सांडला आणि त्यांना दिसलाही नाही. आणि आता डॉक्टरीणबाईंना दिसेल, त्या शिट्टीसाहेबांना सांगतील, आणि झालं.

पर्समध्ये नखांचा रंग काढायची बाटली होती. दोन बोळे, दहा सेकंद, टोपण चकाचक. पेटी तिनंच बंद केली, डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिनंच हसून हातात दिली. घरी जाताना आत्याचा हात धरून चालली, खड्डा आहे, सांभाळा, करत. आत्याला कळेना या पोरीला आज झालंय काय.

गुरुवारी बोंब झाली. डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी लांब नळी लावून तबकड्यांचा सराव केला होता, मग घरी आखूड नळी परत बसवायला गेल्या तर टोपणावर रेघच नाही. त्यांना वाटलं आत्यानं काहीतरी नवी पद्धत काढली असेल. अंदाजानं टोपण आवळलं आणि क्लबात येऊन गोळ्या मारल्या. तिन्ही गोळ्या मधल्या काळ्या गोलाच्या वीतभर उजवीकडे आणि खाली. तोंडावर आलेल्या स्पर्धेनं आधीच घाबरलेल्या बाई त्या, कागद घेऊन तरातरा खोलीत आल्या, मागोमाग शिट्टीसाहेब. इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिट्टीसाहेब नुसते समाधानानं दुःखी दिसत होते. शनिवारी कमिटी बसेल, एवढं बोलून गेले.

आत्यानं कागद खिडकीपाशी नेला. तीन भोकं पाहिली. चहाच्या कपाच्या बुडाखाली तिन्ही झाकली गेली असती इतकी जवळ जवळ होती.

"नेम चुकला असता तर भोकं विखुरली असती," ती म्हणाली. "तुमचा हात बरोबर आहे. दुर्बीणही बरोबर आहे. नळीची बैठक बदललीय. बंदूक ठेवून जा."

कोपऱ्यात डबा हातात धरून उभ्या असलेल्या सूनबाईनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, की टोपणावर लाल रेघ असायची आणि ती दिसत नाहीये.

घरी त्या संध्याकाळी ती ताटातला भात नुसता चिवडत होती. बाबा, म्हणजे सासरे, नेहमीप्रमाणे घड्याळावरून वाद घालत होते. तो वाद त्या घरात भिंतींइतकाच जुना. दिवाणखान्यात लंबकाचं एक मोठं घड्याळ आहे. दर रविवारी सकाळी बाबा ते खिळ्यावरून उतरवतात, प्रेमानं पुसतात, किल्ली देतात आणि परत टांगतात, आणि दर रविवारी दुपारपर्यंत ते बंद पडतं. मग आत्या येऊन त्याला बोटानं एवढंसं सरकवते आणि ते चालू होतं. बाबांचं म्हणणं घड्याळ म्हातारं झालंय, आता भंगारात द्यावं. आत्याचं म्हणणं तू ते वाकडं टांगतोस. बाबा म्हणतात मी टपालखात्यात अडतीस वर्षं सरळ शिक्के मारलेत. त्या दिवशीही हेच चाललेलं, पण आत्या अर्ध्यावरच ताटावरून उठून गेली. इतक्या वर्षांत ती हा वाद सोडून कधी उठली नव्हती. बाबासुद्धा चमचा धरून बघत राहिले.

सूनबाई मागोमाग गेली. आत्या गच्चीच्या जिन्यात पायरीवर बसली होती. सूनबाई तिच्या खालच्या पायरीवर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, डाग, बोळे, बाटली, हात थरथरतो असं वाटलं ते, आणि कोणाला दिसायला नको म्हणून पुसलं ते. सांगता सांगता रडायला लागली.

आत्याचे खांदे हलायला लागले. सूनबाईला वाटलं तीही रडतेय. ती हसत होती. हसून हसून तिला ठसका लागला, सूनबाईनंच उठून पाठीवर थापटलं.

"मला दुपारीच कळलं," ती डोळे पुसत म्हणाली. "पेटी उघडली तर बंदुकीला पार्लरचा वास. आता आमच्याकडे पार्लरला जाणारं एकच माणूस. फिकट गुलाबी."

सूनबाईनं विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. आत्या म्हणाली, बोलले असते तर तू सांगितलं असतंस का, ते कळलं नसतं. मग जरा वेळानं म्हणाली, "पण माझा हात थरथरतो हे तुला कोणी सांगितलं?"

"शिट्टीसाहेब विचारत होते म्हणून..."

"त्यांचं ऐकतेस होय. बस इथे." आणि तिनं सूनबाईकडून सुईदोरा मागवला, जिन्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली, चष्मा कपाळावर तसाच ठेवून, एका झटक्यात सुई ओवून दाखवली. सूनबाईला नंतर तेच चार वेळा करूनही जमलं नाही, हे आत्या सांगायला विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी टेबलापाशी बसल्या. आत्या म्हणाली आता नवी जागा शोधायची म्हणजे पन्नास गोळ्या फुकट जाणार. पण तिनं टोपण काढून भिंगाखाली धरलं आणि तोंडातून समाधानाचा एक आवाज काढला. टोपणाच्या आट्यांमध्ये, जिथे बोळा पोचलाच नव्हता, लाल रंगाचा तिळाएवढा ठिपका शिल्लक होता. समोरच्या धातूच्या आट्यातही तसाच एक. जुनी रेघ कुठे होती ते दोन ठिपके बरोबर सांगत होते.

"पुसण्यातही कच्चीच आहेस," आत्या म्हणाली. "बरं झालं."

ठिपक्याला ठिपका आणून दोघींनी मैदानावर तीन गोळ्या मारल्या, म्हणजे आत्यानं मारल्या आणि सूनबाईनं कानांवर हात ठेवून तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून कागद पाहिला. तिन्ही काळ्या गोलाच्या आत. मग नवी रेघ. यावेळी ब्रश सूनबाईच्या हातात दिला गेला. श्वास रोखून तिनं जी रेघ ओढली ती इतकी सरळ होती, की आत्यानं कौतुक करायच्या ऐवजी ब्रश काढून घेतला, आणखी नटवू नकोस म्हणाली. कमिटीसमोर काय बोलायचं हेही आत्यानं ठरवून टाकलं होतं. माझ्या खोलीत झालेली चूक ती माझी, पुसणाऱ्याचं नाव निघणार नाही. सूनबाई मान हलवत होती, पण ती मान कुठल्या बाजूला हलत होती ते आत्यानं नीट पाहिलं नाही.

शनिवारी कमिटी म्हणजे शिट्टीसाहेब, डॉक्टरीणबाई आणि आणखी दोघं, खोलीतच उभे. आत्यानं भाषण केलं नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, त्या चौघांनाही करायला लावली, नळी काढली आणि शिट्टीसाहेबांच्या हातात दिली. म्हणाली, आता तुम्ही बसवा. त्यांनी आयुष्यात कधी नळी बसवली नव्हती, शिट्टीच वाजवली होती. पण चौघांसमोर नाही म्हणता येईना. पुसलं, दस्ता जमिनीला टेकवला, नळी सोडली, जीभ दाताखाली धरून रेघेला रेघ आणली. डॉक्टरीणबाईंनी मैदानावर जाऊन एक गोळी मारली. परत आल्या. नळी पुन्हा काढली, आता दुसऱ्या सदस्यानं बसवली. एक गोळी. मग तिसऱ्यानं. मग खुद्द डॉक्टरीणबाईंनी. पाचव्यांदा आत्यानं नळी सूनबाईकडे दिली. पाच वेगवेगळे हात, पाच गोळ्या, आणि कागदावर पाचही भोकं कपाच्या बुडाखाली, काळ्या गोलाच्या पोटात.

शिट्टीसाहेबांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला वेगळं काही निघेल. मग म्हणाले, हे सगळं ठीक, पण मंगळवारी रेघ गेली कुठे. यंत्रावर मोजणाऱ्याकडून अशी चूक होत नाही. वयाचा प्रश्न आहे.

आत्या तोंड उघडणार, तेवढ्यात सूनबाई पुढे झाली.

"रेघ मी पुसली," ती म्हणाली. "मला डाग वाटला. तुम्ही येता-जाता आत्यांचा हात थरथरतो का विचारत होता, म्हणून मला वाटलं त्यांचाच हात हलला. त्यांचा हात हलत नाही. माझं डोकं हललं होतं."

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं, ती फिकट गुलाबी रंगवलेली होती, आणि त्यांना हसू आवरेना. दात दाखवत हसणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई बघितल्यावर बाकीचे दोघंही सुटले. एकानं शिट्टीसाहेबांना समजावलं, की दुर्बीण थेट नळीवर बसवता येते, मग दोघी एकत्रच हलतात आणि हा घोळच नको. आत्या म्हणाली अगदी खरं, ज्याची नळी एकच त्यानं तसंच करावं. पण यांच्या नळ्या दोन आणि दुर्बीण एक, आणि दुर्बीण सारखी काढत-घालत बसलं तर तिचीच बैठक बिघडेल. यंत्र तिला नको असं नाही, यंत्र येऊ दे, त्यालाही ती रेघ मारून देईल.

कमिटीनं काय ठरवलं ते कागदावर आलं नाही, पण खोली जिथल्या तिथे राहिली. जाताना शिट्टीसाहेब दारात घुटमळले. त्यांचीही एक जुनी बंदूक होती म्हणे, नेम कुठल्या कुठे जातो. आत्यानं मांडणीकडे हात केला आणि कोणता रंग घेणार विचारलं. त्यांनी पोपटी निवडला. कोण म्हणतं माणूस कळतो.

रविवारी डॉक्टरीणबाई दुसऱ्या आल्या. पहिला नंबर गेला तो चहा जास्त प्यायल्यामुळे हात थरथरला म्हणून, असं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, बंदूक काट्यासारखी सरळ होती. आत्या घरी आली ती तरंगतच.

दिवाणखान्यात घड्याळ बंद. बाबांनी सकाळी पुसून टांगलेलं, दुपारी दोनला थांबलेलं. बाबा खुर्चीत बसून वाट बघत होते, मुद्दाम, हात लावू न देता. आज शेवटचं, ते म्हणाले, उद्या भंगारवाला. आत्यानं घड्याळ बोटभर डावीकडे सरकवलं. लंबक हलला, टकटक एकसारखी पडायला लागली. तिनं पाच मिनिटं कान लावून ऐकली, मग पर्समधून लाल बाटली काढली आणि घड्याळाच्या पेटीवर आणि भिंतीवर मिळून बारीक रेघा ओढल्या. खाली एक, बाजूला एक.

"आता उतरव, पूस, टांग," ती भावाला म्हणाली. "रेघेला रेघ. आणि सोमवारी सकाळी मला सांग."

बाबांनी उतरवलं, पुसलं, टांगलं. रेघ जुळवताना चष्मा पुसून बघितला, हे सूनबाईनं पाहिलं. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी घड्याळानं सात टोल दिले, बरोबर सातच. बाबांनी पेपर वर धरला. आत्या बिस्किट बुडवत वाट बघत बसली, घाई काय होती तिला.

शेवटी पेपरामागून आवाज आला, की तो लाल रंग भिंतीला शोभत नाही.

"मग कोणता देऊ?" आत्या म्हणाली. "अकरा आहेत माझ्याकडे."

बाबांनी पेपर खाली घेतला, घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"फिकट गुलाबी," ते म्हणाले.